वृद्ध श्वानाची अखेरची सेवा

आपल्या संघाच्या स्मरणिकेत धान्याची आवक, अडत, वाहतूक आणि कर ह्या विषयांवर लेख यावेत अशी सभासदांची रास्त अपेक्षा असते. ते सर्व सोडून आमच्यासारख्या घाऊक धान्यव्यापाऱ्याने एका म्हाताऱ्या कुत्र्याविषयी लिहावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या वर्षी माघापासून श्रावणापर्यंत आमच्या घरी जो पाहुणा होता, त्याच्याविषयी पेठेत, मंदिरात आणि लग्नकार्यांत इतक्या चौकशा झाल्या, व त्यांतील काही प्रश्न इतके नेमके होते, की त्यांची उत्तरे एकदाच लिहून द्यावीत असे वाटले. काही प्रश्नांची उत्तरे आम्हांस आजही पुरती सापडलेली नाहीत. तीही जशीच्या तशी मांडतो.

कोगनोळी हे पुणे-बंगळूर महामार्गावरचे, दोन राज्यांच्या सीमेवरचे गाव. टोलनाक्याच्या अलीकडेपलीकडे वाहने थांबतात, माणसे चहा घेतात आणि पुढे जातात. माघ महिन्यातल्या एका सकाळी एका हॉटेलच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या नळाला बांधलेला एक बुलडॉग जातीचा कुत्रा लोकांनी पाहिला. रात्रीच्या कोणत्या गाडीतून तो उतरला हे कोणास ठाऊक नाही. सोबत खाद्याची एक अर्धी पिशवी ठेवलेली होती. म्हणजे टाकणाऱ्याच्या मनात थोडी लाज शिल्लक असावी. कोल्हापूरकडील काही तरुण मुले अशा प्राण्यांची सोडवणूक करतात. त्यांनी त्याला नेऊन डॉक्टरांस दाखविले. वय सुमारे नऊ वर्षे, मागचे दोन्ही खुबे झिजलेले, हृदय अशक्त आणि पोटात एक गाठ. आखूड नाकाच्या कुत्र्याला भूल देणे एरवीही जोखमीचे असते. ह्या वयात व अशा हृदयाला तर शस्त्रक्रियेचा विचारच नको, असे डॉक्टरांचे मत पडले. आयुष्य काही महिन्यांचे. तेवढे दिवस कोणी घरी ठेवून घेईल काय, अशी विचारणा मुलांनी ओळखीपाळखीत केली, आणि आमच्या नातीने आम्हांस न विचारता होकार कळवून टाकला.

त्याला उतरवून घेताना वखारीतला हमाल म्हणाला, “आण्णा, ह्यो कुत्रा हाय का रेडकू?” रुंद छाती, वाकडे पाय, फुटल्यासारखे कान आणि चेहऱ्यावर घड्याच घड्या, मुलांनी त्याचे नाव पैलवान ठेवले. वखारीच्या काट्यावर तो सत्तावीस किलो भरला. अर्ध्या पोत्याहून थोडा अधिक.

ही जात मूळ इंग्लंडातली. खांबाला बांधलेल्या बैलावर कुत्री सोडण्याचा एक क्रूर खेळ त्या देशात चाले व त्यासाठी ती वाढविली गेली. 1835 मध्ये तेथे कायद्याने हा खेळ बंद झाला. त्यानंतर ही कुत्री केवळ रूपासाठी पैदा होऊ लागली, आणि प्रत्येक पिढीत नाक अधिक चपटे, डोके अधिक मोठे, अंग अधिक बुटके अशी निवड होत गेली. परिणाम असा की, पुष्कळ माद्यांची प्रसूती आज पोट कापूनच करावी लागते. नाकपुड्या अरुंद असतात, टाळूचा मागचा पडदा घशात लोंबतो, त्यामुळे श्वास घेणे हेच त्या जनावराचे जन्मभराचे काम होऊन बसते. आयुर्मान साधारणतः आठ ते दहा वर्षे. झोपेतल्या त्याच्या घोरण्याचे लोक कौतुक करतात. वस्तुतः ती कोंडलेल्या श्वासाची तक्रार असते. माणसाने हौसेखातर एका जीवाचे शरीर असे घडवावे आणि ते निकामी होऊ लागताच नळाला बांधून चालते व्हावे, ह्यास कोणत्या शब्दांत नाव द्यावे हे आम्हांस सुचत नाही. कायद्याचे म्हणाल तर, 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा अपराधच आहे.

पहिला प्रश्न आमच्या एका व्यापारी स्नेह्यांनी विचारला : “मग पांजरपोळ कशासाठी आहेत?” प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर देताना आपल्याच इतिहासातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1832 च्या जून महिन्यात मुंबईत भटकी कुत्री मारण्याची सरकारी मोहीम चालू होती आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळत असे. त्याविरुद्ध पारशी बांधव प्रथम उठले. हिंदू व जैन व्यापारीही त्यांना मिळाले, दुकाने बंद पडली, आणि किल्ल्यातल्या गोऱ्या लोकांचा अन्नपुरवठादेखील अडला. कुत्र्यांसाठी बाजार बंद ठेवणारे आपले पूर्वज होते, हे आजच्या बाजारातल्या किती जणांस ठाऊक असेल? त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा ह्यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. अशा संस्थांचा खर्च पुष्कळसा व्यापारावरील ऐच्छिक लाग्यातून चाले. आपल्या पट्टीत पूर्वी ‘धर्मादाय’ म्हणून जी रक्कम निघे, तिचेच हे भावंड होय.

तेव्हा पांजरपोळाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. परंतु पांजरपोळ हे भाकड गाईंचे, लंगड्या बैलांचे, कळपाने राहणाऱ्या जनावरांचे घर आहे. ज्या कुत्र्याचा सारा जन्म माणसाच्या पायाशी गेला, ज्याला दिवसातून तीन वेळा औषध द्यावयाचे, ज्याची कूस रात्री बदलावयाची, त्याला शंभर जनावरांच्या गोठ्यात एका नोकराच्या भरवशावर ठेवणे म्हणजे देणगी देऊन मोकळे होणे. एवढी एक गोष्ट पैशाने होत नाही, एवढेच आमचे उत्तर होते. स्नेही हसले, पटले की नाही ते कळले नाही.

दुसरा प्रश्न घरातूनच आला, आणि तो अधिक कठीण होता. पैलवानाबरोबर आलेल्या पिशवीतले खाद्य सामिष होते. आमच्या सौभाग्यवतींनी ते उंबऱ्याच्या आत येऊ देण्याचे साफ नाकारले, व आम्हीही त्यांच्याच बाजूचे होतो. भात, मुगाची डाळ आणि दही असे ताट पुढे ठेवले. त्याने हुंगले व मान फिरविली. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा नात म्हणाली, “आबा, आपला धर्म पाळायला आपण त्याला उपाशी ठेवतोय.” ती चिडून बोलली, पण बोलली ते शास्त्राला धरून होते. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार आपण लहानपणापासून पाठ म्हणतो—बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध—त्यांतील पाचवा आमच्या सोप्यात दोन दिवस घडत होता, आणि आम्ही त्याला शुद्धी समजत होतो.

डॉक्टरांनी सांगितले की, मांजराला मांसावाचून भागत नाही, परंतु कुत्र्याला धान्य व डाळी पचतात आणि योग्य रीतीने दिल्यास निरामिष आहारावर तो राहू शकतो. मात्र बदल एकदम करू नये. आठ-दहा दिवस जुने खाद्य कमी करीत व नवे वाढवीत न्यावे. त्याप्रमाणे ती पिशवी संपेपर्यंत तिच्यातले खाद्य परसात, वेगळ्या भांड्यात दिले गेले. ही गोष्ट आम्ही लपवीत नाही. ह्यावरून आमच्या एका नातलगांनी आमच्याकडे पाणी घेणे काही दिवस सोडले होते, तेही सांगून टाकतो. पुढे पैलवान डाळभात, पनीर, दही, उकडलेला भोपळा आणि शाकाहारी तयार खाद्य आनंदाने खाऊ लागला. कमतरता राहू नये म्हणून डॉक्टरांनी जीवनसत्त्वांचे औषध जोडून दिले. एक गमतीची गोष्ट अशी की, कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतात. तेव्हा आमच्या कंदमूळ वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघराइतके सुरक्षित घर त्याला दुसरे मिळाले नसते! उलट मनुका व बेदाणे आपल्या घरी बरणीने असतात, आणि मुले प्रेमाने हातावर ठेवतात. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेटही वर्ज्य. माणसाच्या डोकेदुखीच्या गोळ्या तर डॉक्टरांच्या सांगण्यावाचून कधीही देऊ नयेत.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने एक सूचना महत्त्वाची आहे. अशा जनावरास वखारीत ठेवू नये. तेथे उंदरांचे औषध असते, आणि किडीसाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून ताडपत्री लावलेली असते. त्यांचा वायू कुत्र्यालाच काय, माणसालाही प्राणघातक आहे. हे लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. दरसाल हजारो सोंडे-टोके मारून धान्य राखणारे आम्ही. आम्ही एका कुत्र्याच्या दयेच्या गोष्टी सांगाव्यात का? शास्त्रकारांनी उद्योगी, आरंभी, विरोधी आणि संकल्पी असे हिंसेचे भेद केले आहेत आणि गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे, ह्या आधारावर आम्ही चाळीस वर्षे वखार चालविली. पैलवानाच्या अंगावरील गोचिडांना औषध लावतानाही तोच आधार घेतला. आधार पुरेसा आहे असे मानतो; पण रात्री झोप न आल्यास तो तितकासा भक्कम वाटत नाही, हेही खरे.

व्यवस्था पुढीलप्रमाणे होती. सोप्याची फरशी गुळगुळीत, त्यावर त्याचे मागचे पाय फाकत. म्हणून उंबऱ्यापासून परसापर्यंत बारदानाची पट्टी अंथरली. झोपण्यास मात्र बारदान चालत नाही, ते अंगाला घासते. तेथे जुन्या वाकळांच्या चार घड्या. गळ्यात पट्टा न बांधता छातीवरून जाणारा पट्टा घातला, कारण गळ्याला ताण बसला की आधीच अरुंद असलेली श्वासनलिका दबते. चेहऱ्याच्या घड्यांत ओल राहून जखमा होतात. त्या रोज कापसाने पुसून कोरड्या कराव्या लागत, व हे काम सूनबाई करीत. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही; तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर घालवितो, आणि ह्या जातीला नेमके तेच नीट जमत नाही. त्यामुळे चैत्र-वैशाख हा आमच्या परीक्षेचा काळ होता. फिरणे सूर्योदयापूर्वी, तेही कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत; दुपारी पंखा आणि पोटाखाली ओले फडके. फार तापल्यास बर्फाचे पाणी न ओतता साधे थंड पाणी अंगावर घालून वारा द्यावा व डॉक्टरांस बोलवावे.

दर रविवारी त्याला काट्यावर उभा करीत असू. ज्येष्ठात तीन आठवड्यांत वजन दोन किलोंनी वाढले. आम्हांस आनंद झाला. बाजारात वजन वाढणे ही नेहमी चांगलीच गोष्ट असते. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, “हे अंग नव्हे, पाणी आहे.” हृदय दुर्बळ झाले की पोटात पाणी साठते, पाठीचा कणा हाताला लागतो आहे आणि काटा मात्र वर जातो आहे, असे दिसले तर फसू नये. तेव्हापासून लघवीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि रात्री दोनदा उठून त्याला परसात नेण्याचे काम आमच्याकडे आले, कारण घरात ज्याला तसेही दोनदा उठावे लागते तो मनुष्य आम्हीच. डॉक्टरांनी आणखी एक साधी युक्ती शिकविली : तो गाढ झोपला असता एका मिनिटात किती श्वास घेतो ते मोजावे. तीसच्या आत असल्यास ठीक. त्याहून अधिक होऊन रोज वाढत गेल्यास कळवावे. आम्ही तो आकडा रोजमेळाच्या समासात लिहीत होतो. अजून ती पाने तशीच आहेत.

औषधांचा व खाद्याचा मासिक खर्च साधारण एक क्विंटल शाळू ज्वारीच्या किमतीइतका येई. पहिल्या महिन्याच्या अखेरीस मुनीमजींनी विचारले, “आण्णा, हे धर्मादाय खात्याला लिहू ना?” आम्ही ‘हो’ म्हणणार होतो. सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “घरखर्चाला लिहा.” ज्यांनी पिशवी उंबऱ्याबाहेर ठेविली होती त्याच ह्या.

आषाढाच्या शेवटी त्याचे उठणे बंद झाले. दर चार तासांनी कूस बदलावी लागे, अन्यथा हाडांच्या जागी कातडी फुटते. कुत्रा वेदना बोलून दाखवीत नाही. रडतो म्हणजेच दुखते असे नाही. विसावलेला असताना धाप लागणे, एकच सांधा सारखा चाटणे, आडवे न होता बसून राहणे, हाक मारल्यावर डोळे न वळणे, ही लक्षणे ओळखावी लागतात. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी आम्हांस बाजूला घेऊन सुईचा विषय काढला. आधी गाढ भूल देतात, नंतर दुसरे औषध. काही मिनिटांत, वेदनेवाचून शेवट होतो. 1960 च्या कायद्यातही असाध्य व यातनेत असलेल्या जनावरासाठी अशी तरतूद आहे.

त्या रात्री घरात जे बोलणे झाले ते आम्ही विसरणार नाही. चिरंजिवांनी 1928 मधली साबरमतीची गोष्ट काढली. आश्रमातले एक वासरू असाध्य यातनेत होते, आणि महात्माजींनी डॉक्टरांकडून सुई देववून त्याचा शेवट करविला. त्यावर देशभर, विशेषतः जैन समाजात, मोठा क्षोभ झाला; परंतु महात्माजी म्हणत राहिले की, ही हिंसा नव्हे, अहिंसाच आहे. “गांधीजींना दया कमी होती का?” असे चिरंजिवांनी विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. कोणी म्हणाले, आपल्याकडे सल्लेखना आहेच की. पण ही तुलना आम्हांस मान्य होईना. आमच्या ह्याच टापूतल्या भोज गावाचे आचार्य शांतिसागर महाराज ह्यांनी 1955 मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखनापूर्वक देह ठेवला. ते स्वतःच्या ज्ञानाने, स्वतःच्या इच्छेने, क्रमाक्रमाने घेतलेले व्रत होते. दुसऱ्याच्या देहाचा निर्णय आपण घेणे, आणि तोही जो होय-नाही म्हणू शकत नाही त्याच्या देहाचा, ही वेगळीच गोष्ट आहे.

शेवटी सुई नको असे ठरले. परंतु त्याबरोबर वेदनाशमनात कोणतीही काटकसर नको, औषधाने आयुष्य थोडे कमी झाले तरी चालेल, असेही डॉक्टरांस स्पष्ट सांगितले. जी कुटुंबे दुसरा निर्णय घेतात त्यांना आम्ही निर्दय म्हणणार नाही. आमच्या निर्णयाची किंमत आम्ही दिली नाही, ती पैलवानाने दिली. शेवटच्या दोन रात्रींपैकी पहिली औषधाने निभावली; दुसरी नीट निभावली नाही. पहाटे दोनपासून चारपर्यंत त्याला श्वास पुरत नव्हता, डॉक्टर निपाणीहून येईपर्यंत सव्वा तास गेला, आणि त्या सव्वा तासात आमच्या मनात आदल्या आठवड्यातला निर्णय पुनःपुन्हा उलटत होता. सुनेने एकदा आमच्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात कुत्राही धर्मप्रभावाने देव होतो आणि देवही पापाने कुत्रा होतो, असे सांगितले आहे. जीवंधरकुमाराने मरणोन्मुख कुत्र्याच्या कानात पंचनमस्कार मंत्र सांगितला व तो जीव यक्ष झाला, ही कथा आमच्या आईने लहानपणी सांगितलेली. सौभाग्यवतींनी त्याचे डोके मांडीवर घेऊन मंत्र म्हटला. त्याला काय कळले ते आम्ही सांगू शकत नाही. कान हलला, इतके आम्ही पाहिले. डॉक्टरांच्या औषधानंतर श्वास शांत झाला, आणि उजाडल्यानंतर थोड्या वेळाने थांबला. शेवटच्या रविवारी वजन एकोणीस किलो होते.

पाऊस होता. दूधगंगेकडील शेतात, विहिरीपासून दूर, कमरेहून खोल खड्डा घेऊन हमालांनीच त्याला ठेविले. उरलेली औषधे त्या मुलांना परत दिली. ती दुसऱ्या जनावराच्या कामी आली. सोप्यातली बारदानाची पट्टी मात्र दिवाळीपर्यंत कोणी उचलली नाही.

ज्यांना असे काम घरी घ्यावयाचे आहे त्यांनी आधी तीन गोष्टींची खात्री करून घ्यावी, असे आम्ही सुचवू : रात्री-अपरात्री येणारा डॉक्टर कोण, घरातल्या कोणाला रात्री उठणे झेपेल, आणि शेवटच्या प्रश्नावर घराचे काय मत आहे. हा तिसरा प्रश्न जनावर घरी येण्यापूर्वीच बोलून ठेवावा. आम्ही तो फार उशिरा बोललो. रेबीजची लस टोचलेली आहे ना, तेही पाहावे.

यंदा कार्तिकात त्याच मुलांकडून पुन्हा विचारणा आली. ह्या वेळी कुत्री आहे, तीही म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी अधू. नात ‘हो’ म्हणते आहे. सौभाग्यवतींचे म्हणणे, उन्हाळा सरू द्या, मग पाहू. मुलांनी कळविले आहे की तिच्याजवळ उन्हाळा सरण्याइतके दिवस नसावेत. हा लेख छापखान्यात जाईपर्यंत घरात निर्णय झालेला नाही. सोप्यात बारदानाची पट्टी मात्र कोणीतरी पुन्हा अंथरून ठेविली आहे.